छोट्या जागेत घरचा भाजीपाला: उन्हाच्या हिशोबापासून घरच्या बियाण्यापर्यंत

घरच्या भाजीपाल्याचं बरंवाईट बहुतेक वेळा बी मातीत पडण्याआधीच ठरून गेलेलं असतं. जागेवर ऊन किती येतं आणि माती कशी आहे, या दोन गोष्टी जमल्या की पुढच्या बऱ्याच चुका बाग पोटात घालते. त्या फसल्या, तर महिनोन्‌महिने फवारण्या आणि टॉनिकच्या बाटल्यांमागे धावूनही हाती फारसं लागत नाही. बी पेरायची घाई झाली असेल तरी म्हणूनच आधी ऊन आणि मातीचा भाग नीट वाचा.

ऊन मोजा, अंदाज करू नका

घरी असाल असा एक दिवस निवडा. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला त्याच जागेचा मोबाइलवर फोटो काढा. रात्री ते फोटो ओळीने बघितले की कोणत्या कोपऱ्यात किती तास थेट ऊन पडतं ते स्पष्ट दिसतं. नुसत्या आठवणीवर सांगायला गेलं तर आपण हमखास जास्त तास सांगतो.

टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, दोडका यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. मुळा, गाजर, बीट यांना ५-६ तास पुरतात. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस ३-४ तासांवरही चांगले येतात. जागेवर चारच तास ऊन असेल तर टोमॅटोचा नाद सोडावा. रोप वाढतं, उंच होतं, पण फुलं कमी आणि फळं त्याहून कमी. त्याच जागेत पालेभाज्या भरभरून येतील.

हिवाळ्यात सूर्य खालून फिरतो, त्यामुळे भिंतींच्या आणि झाडांच्या सावल्या लांबतात. उन्हाळ्यात मोजलेलं ऊन हिवाळ्यात तितकंच असेल असं धरून चालू नका. पश्चिमेकडच्या गॅलरीत दुपारनंतरचं ऊन तापदायक असतं. तिथे कडक उन्हाळ्यात ३५ ते ५० टक्के सावलीची शेडनेट बांधली तर रोपं होरपळत नाहीत.

वाफा की कुंडी

जमीन असेल तर गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून थोडा उंच केलेला वाफा, करा. रुंदी १२० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. एका बाजूला भिंत असेल तर ६० सेंटिमीटर पुरे. कारण सरळ आहे: वाफ्यात पाय पडला की माती दबते, हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. पहिल्या हंगामात एक मीटर बाय दोन मीटरचा एकच वाफा किंवा पाच-सहा कुंड्या, इतकंच घ्या. मोठी बाग पहिल्याच महिन्यात तणांच्या ताब्यात जाते.

जागा जुन्या रंगकामाच्या भिंतीलगत किंवा रहदारीच्या रस्त्याकडेला असेल तर जमिनीत शिसं साचलेलं असू शकतं. तिथे माती तपासून घ्या, नाहीतर बाहेरून आणलेल्या मातीचा उंच वाफा किंवा कुंड्या वापरा.

कुंड्यांमध्ये रुंदीइतकीच खोलीही महत्त्वाची. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर, मुळा-गाजराला २५ ते ३०, मिरचीला ३० आणि टोमॅटो, वांगी व वेलांना ३५-४० सेंटिमीटर खोली हवी. टोमॅटोच्या एका रोपाला २० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग द्या, त्याहून लहान नको. गच्चीवर मांडणी करताना वजनाचा हिशोब करा. ओली माती लिटरला दीड ते दोन किलो भरते, म्हणजे अशी एक कुंडी ३०-४० किलोंची होते. हलकं मिश्रण वापरा आणि कुंड्या भरपूर असतील तर इमारतीच्या जाणकाराला विचारूनच ठेवा. कुंडी विटांवर किंवा स्टँडवर ठेवली म्हणजे भोकं तुंबत नाहीत आणि खाली ओल धरत नाही.

तळाशी खडीचा थर घालायची सवय मात्र सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून गच्च झाल्यावरच ते पुढे सरकतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा पट्टा उलट वर, मुळांजवळ येतो. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून मातीचं मिश्रणच भरा.

मातीची ओळख आणि तयारी

उभी काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती भरा, वरून पाणी, दोन थेंब भांडी घासायचा साबण, आणि जोरात हलवून बरणी ठेवून द्या. पहिल्या मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू. पुढच्या काही तासांत त्यावर गाळाचा थर येतो. चिकणमाती बसायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. थर मोजले की आपली माती कुठल्या अंगाची आहे ते कळतं. चिकणमाती जास्त असेल तर पाणी साचतं आणि सुकल्यावर भेगा पडतात. वाळू जास्त असेल तर पाणी आणि अन्नद्रव्यं दोन्ही निसटून जातात. दोन्हींवर उपाय एकच, कंपोस्ट. चिकणमातीत वाळू मिसळू नका, थोड्या वाळूने ती आणखी टणक होते.

जमिनीला हात लावायचा तो वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आल्यावरच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. गोळा सहज फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या जमिनीत कुदळ घातली की ढेकळं होतात आणि ती हंगामभर छळतात.

वाफ्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा कंपोस्टचा थर पसरा आणि वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये मिसळा. कुंडीसाठी माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते पाण्यात भिजवून, पिळून, दोन-तीनदा धुऊन घ्या. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ सामू (pH, म्हणजे मातीच्या आंबटपणाचं माप) मानवतो.

शेणखत वापरत असाल तर ते पूर्ण कुजलेलंच हवं: काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. ताज्या शेणाने मुळं करपतात, आणि त्यातले रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर येऊ शकतात. नाइलाजाने ताजं शेण घातलंच तर जमिनीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीपर्यंत किमान चार महिन्यांचं अंतर ठेवा.

घरचं कंपोस्ट

कंपोस्टच्या डब्यात दोन गोष्टींचा मेळ लागतो. ओला हिरवा माल, म्हणजे भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा, हिरवं गवत, नत्र (नायट्रोजन) देतो. सुका तपकिरी माल, म्हणजे वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे तुकडे, लाकडाचा भुसा, कर्ब (कार्बन) देतो. वजनाने कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावं लागतं. व्यवहारात एक घमेलं ओल्या मालावर दोन घमेली सुका माल टाकला की झालं. मूठभर माल घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब पाणी सुटलं तर ओल बरोबर. धार लागली तर सुका माल वाढवा, काहीच सुटलं नाही तर पाणी शिंपडा.

घाण वास येणं म्हणजे आत हवा नसणं. माल वरखाली करा आणि सुकी पानं घाला, दोन दिवसांत वास जातो. मोठा ढीग नीट जमला तर आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तणांचं बी व बरेच रोगजंतू मरतात. घरचा लहान डबा इतका तापत नाही, त्यामुळे त्यात रोगट पानं आणि बी धरलेलं तण टाकू नका. मांस, मासळी, तेलकट अन्नही नको. मूळ वस्तू ओळखू येईनाशा झाल्या आणि ढीग गार पडला की खत तयार.

काय लावायचं

हवा बघून ठरवा. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी, वाटाणा, लेट्यूस यांना साधारण १५ ते २५ अंशांची थंड हवा आवडते. तापमान वाढलं आणि दिवस लांबला की पालक, कोथिंबीर, लेट्यूस फुलोऱ्यावर येतात आणि पानं कडवट होतात. भेंडी, चवळी, गवार, वांगी, मिरची आणि वेलभाज्या उबदार हवेत खुलतात. टोमॅटो या दोहोंच्या मधला: दिवसाचा पारा ३५ अंशांवर गेला किंवा रात्री फार उबदार राहिल्या की त्याची फुलं गळतात.

पहिल्या वेळी मेथी, पालक आणि मुळा घ्या. महिना-दीड महिन्यात हाताला काही लागतं आणि उमेद वाढते. जोडीला चवळी किंवा घेवडा आणि मिरचीची दोन रोपं. फ्लॉवर मात्र नवख्याने लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी गड्डा नीट धरत नाही.

पालेभाजी एकदम पेरू नका. वाफ्याचे तीन भाग करा आणि दर दहा-पंधरा दिवसांनी एकेक भाग पेरा. नाहीतर एका आठवड्यात वाटून संपणार नाही इतकी भाजी आणि नंतर महिनाभर रिकामा वाफा, अशी गत होते.

बी पेरणं आणि रोपं करणं

मुळा, गाजर, बीट यांचं बी थेट वाफ्यातच पेरायचं, कारण सोटमूळ दुखावलं की कंद वाकडातिकडा होतो. मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, शेंगभाज्या आणि वेलही थेट जागेवर पेरलेले बरे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, कांदा यांची आधी रोपं करून मग लावायची.

बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल टाका. धण्याचं बी हलक्या हाताने रगडून दोन फाका करून पेरा. प्रत्येक फाकेत एक बी असतं. मेथी आणि मुळा तीन-पाच दिवसांत वर येतात, टोमॅटो आठवड्याभरात, धणे आठ ते बारा दिवसांत. मिरचीला दोन आठवडेही लागतात आणि गाजराला त्याहून जास्त, तेव्हा माती उकरून बघू नका. तोवर वरचा थर सुकू न देणं एवढंच काम.

उगवल्यावर विरळणी करायला मन धजावत नाही, पण ती करावीच लागते. मुळ्यात ८ ते १० सेंटिमीटर आणि गाजरात ५ ते ८ सेंटिमीटर अंतर सोडून बाकीची रोपं काढा. उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारचं मूळ हलत नाही. बिटाच्या एका बियात बहुधा दोन-चार रोपं निघतात, तिथे तर हे हमखास करायचं.

ट्रेमधली रोपं लांबट, फिकी होऊन एका बाजूला झुकली तर उजेड कमी पडतोय. बुडाशी बारीक होऊन कोलमडली तर ती रोपमर आहे. जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा मिळाली की ही बुरशी जोर धरते.

पुनर्लागवड

उगवताना आलेली पहिली दोन बीजदलं सोडून चार ते सहा खरी पानं आली की रोप तयार. लावण्याआधी आठवडाभर ट्रे रोज थोडा जास्त वेळ बाहेर उन्हा-वाऱ्यात ठेवा. लागवड संध्याकाळी करा, म्हणजे रोपाला सावरायला रात्र मिळते. तासभर आधी ट्रेला पाणी द्या, रोप पानाला किंवा मुळाच्या गड्ड्याला धरून उचला, खोडाला चिमटू नका. खोड एकदा दबलं की भरून येत नाही, पान नवीन फुटतं.

टोमॅटोची खालची पानं काढून खोड निम्म्यापर्यंत मातीत पुरा. त्या पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात आणि रोप भक्कम होतं. मिरची आणि वांगं मात्र ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर लावा. अंतर: टोमॅटो ४५ ते ६० सेंटिमीटर, वांगं ६०, मिरची ४५, भेंडी ३०. छोटं रोप लावताना ही जागा फार वाटते, पण दीड महिन्यानंतर पानं एकमेकांना भिडतात. दाट लागवडीत हवा खेळत नाही, आणि भुरीसारखे (पानांवर पांढरी पूड धरणारे) रोग तिथूनच सुरू होतात.

पाणी

घरच्या बागेत तहानेने मरणाऱ्या रोपांपेक्षा पाण्याने मरणारी रोपं जास्त. ठरलेल्या वेळी ठरलेला तांब्या ओतू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथे ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर द्या. देताना मात्र भरपूर द्या, कुंडीच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच्या थरातच पसरतात आणि एका कडक दुपारी मान टाकतात.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नका. ऊन उतरल्यावर पानं सावरली तर तो फक्त उन्हाचा ताण. सकाळीही मलूलच असतील तर पाणी हवं. आणि माती ओली असूनही मलूल असतील तर मुळं कुजली आहेत किंवा मर रोग लागला आहे. पाणी सकाळी, मुळाशी, पानं न भिजवता द्यावं.

मातीवर वाळलेल्या पानांचं किंवा गवताचं ५ सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवून. पाणी वाचतं, तण कमी होतं आणि माती तापत नाही.

खत आणि पानांची भाषा

कुंडीतलं अन्न पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी मोठ्या रोपाला दोन मुठी कंपोस्ट किंवा गांडूळखत द्या. जुनी, खालची पानं सगळी पिवळी पडू लागली तर नत्र कमी आहे. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, आणि त्यामागे बरेचदा सामू वाढलेला असतो. रोप हिरवंगार, दांडगं, पण फुलंच नाहीत? मग नत्र जास्त झालं आहे, खत थांबवा.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो, तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तो येतो, आणि त्याचं नेहमीचं कारण कधी कोरडं, कधी चिंब असं अनियमित पाणी. अंड्याची टरफलं टाकून तो त्या हंगामात थांबत नाही, कारण ती फार हळू कुजतात. पाणी नियमित करा, पुढची फळं नीट येतात.

आधार आणि परागीभवन

टोमॅटोची काठी लागवडीच्या दिवशीच रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात. उंच वाढणाऱ्या जातीत पान आणि खोडाच्या बेचक्यातली बगलफूट बोटाएवढी असतानाच खुडा. बुटक्या जातीत खुडू नका, त्यांची फळं त्याच फांद्यांवर येतात.

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण पराग झडायला हलवावं लागतं. वारा लागत नसेल तर सकाळी उशिरा फुलांच्या घोसामागे बोटाने टिचक्या मारा.

वेलांचं गणित वेगळं. काकडी, भोपळा, कारलं यांना आधी नुसती नर फुलं येतात आणि गळतात. त्यात बिघडलेलं काही नाही. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं फळ आधीच दिसतं. नर फुलाखाली साधा देठ असतो. ते इवलं फळ पिवळं पडून गळत असेल तर मधमाश्या कमी पडताहेत. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हळुवार फिरवा. हे काम सकाळी लवकर करायचं. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तिथे वेळ तशी बदला.

कीड

रोज पाच मिनिटं पानांची खालची बाजू बघणं हा माझ्या मते सगळ्यांत मोठा उपाय आहे. मावा, पांढरी माशी, कोळी (घरातला कोळी नव्हे, जेमतेम दिसणारी बारीक कीड) तिथेच बसतात. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा हाताने पुसून काम भागतं. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने टिपा. त्यानंतरही वाढले तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात आणि औषधाचा असरही लवकर जातो. आधी दोन पानांवर करून बघा.

मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या जाळीदार झाल्या किंवा टोमॅटोचा शेंडा आवळून बारीक झाला तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, रोप उपटून टाका.

माव्यात काळ्या-नारिंगी, खरखरीत दिसणाऱ्या अळ्या फिरताना दिसल्या तर त्यांना मारू नका. त्या लेडीबग किड्याच्या अळ्या असतात आणि मावा खाऊनच वाढतात.

काढणी

भेंडी फूल आल्यापासून चार-सहा दिवसांत कोवळी असताना काढा, मग ती निबर होते. काकडी, चवळी, घेवडाही दिवसाआड बघा; एखादं फळ वेलावर पिकून राहिलं की वेल नवं फळ धरणं कमी करतो. पालक मुळासकट उपटण्यापेक्षा बाहेरची पानं खुडत राहा.

पुढच्या हंगामाची तयारी

टोमॅटो, मिरची, वांगी आणि बटाटा एकाच कुळातले आहेत. ते ज्या वाफ्यात होते तिथे पुढे दोन-तीन वर्षं हे कूळ नको. त्या जागी शेंगभाजी, मग पालेभाजी, मग वेल असं फिरवा. चवळी-घेवड्याचं पीक संपल्यावर रोप जमिनीलगत कापा आणि मुळं आतच राहू द्या. एखादं उपटून बघा: मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखाने चिरल्यावर आत गुलाबी-लाल रंग दिसला तर त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरत होते.

बी राखायचं असेल तर चवळी, घेवडा, टोमॅटोपासून सुरुवात करा, यांत परकं परागीभवन कमी होतं. संकरित वाणाचं बी राखू नका, पुढची पिढी मूळ रोपासारखी येत नाही. टोमॅटोचा गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबू द्या, मग धुऊन सावलीत वाळवा. शेंगा मात्र झाडावरच वाळू द्याव्या. बी पूर्ण कोरडं करून घट्ट झाकणाच्या बाटलीत, नाव आणि वर्ष लिहून, थंड अंधाऱ्या जागी ठेवा. टोमॅटोचं बी चार वर्षंही टिकतं, कांद्याचं जेमतेम एक.

पेरणीआधी जुन्या बियाण्यातले दहा दाणे ओल्या कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवा. सात-आठ उगवले तर नेहमीसारखं पेरा. चार-पाच उगवले तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी उगवले तर नवं बी आणा.